साखळी कोणाच्या हातात?

घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि ती कुत्रा मागते आहे. सोसायटीच्या बागेत कुणाचं तरी पिल्लू आलं होतं, त्यानं तिची बोटं चाटली, आणि त्या दिवसापासून रोज झोपताना तिचा एकच विषय असतो. "मी त्याला जेवू घालीन. मी त्याला फिरवीन. त्याची शीसुद्धा मीच काढीन." ती हे मनापासून बोलते. चार वर्षांचं मूल कबूल करतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. पुढचं वर्ष म्हणजे काय, एवढंच त्याला अजून माहीत नसतं.

म्हणून वर्षांचा हिशोब मोठ्यांनी करायचा. कागद घ्यावा आणि एका बाजूला मुलीचं वय, दुसऱ्या बाजूला कुत्र्याचं वय लिहावं. आज दोन महिन्यांचं लॅब्रॅडोरचं पिल्लू आणलं, तर पहिले काही महिने ते घरभर शू करणार, चपला आणि सोफ्याचे कोपरे कुरतडणार, रात्री आईच्या आठवणीनं रडणार. मुलगी तेव्हा बालवाडीत असेल. वर्षभरात पिल्लाचं वजन 25 ते 30 किलो होईल आणि पाच वर्षांच्या मुलीचं वजन साधारण 18 किलो असेल. समोरून मांजर पळालं तर साखळी कोण ओढेल आणि कोण ओढलं जाईल, हे आकडेच सांगतात. मुलगी पाचवीत जाईल तेव्हा कुत्रा सहा-सात वर्षांचा, ऐन भरातला असेल. हीच दोघांची खरी जोडीची वर्षं. आणि मुलगी दहावीला बसेल तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा म्हातारा झालेला असेल. त्याचे मागचे पाय दुखत असतील, रात्री दोनदा बाहेर न्यावं लागत असेल, आणि तिची उद्या पूर्वपरीक्षा असेल.

कागद पुन्हा वाचला की एक गोष्ट दिसते. कुत्र्याला माणसाची सर्वांत जास्त गरज अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी असते. सुरुवातीला मूल फार लहान असतं आणि शेवटी ते स्वतःच्या आयुष्यात बुडालेलं असतं. दोन्ही टोकांना मोठं माणूसच उभं राहणार. तेव्हा "मुलीसाठी कुत्रा आणावा का?" हा प्रश्न बाजूला ठेवून घरानं वेगळा प्रश्न विचारावा: या घरातल्या कोणत्या मोठ्या माणसाला कुत्रा हवा आहे? त्याला उत्तर म्हणून एक नाव मिळालं, तरच पुढची पानं कामाची.

दारातला कुत्रा आणि घरातला कुत्रा

माणूस आणि कुत्रा यांचं नातं शेतीपेक्षाही जुनं आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे 1914 मध्ये खाणीत काम करणाऱ्यांना सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचं पिल्लू होतं. त्या पिल्लाचे दात अलीकडे पुन्हा तपासले गेले, तेव्हा त्यांच्यावर डिस्टेंपरसारख्या गंभीर आजाराच्या खुणा दिसल्या. मेलं तेव्हा ते साधारण सात महिन्यांचं होतं, आणि त्याआधी काही आठवडे ते बरंच आजारी असावं. शिकारीला त्याचा काही उपयोग नव्हता. तरी ते इतके दिवस जगलं, म्हणजे कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, त्याची घाण साफ केली. कुत्रा पाळण्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक असा शुश्रूषेचा निघावा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडेही कुत्रा परका नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबासोबत कुत्रा असतो. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणीच ऐकलेले असतात. पण या सगळ्या आठवणींतला कुत्रा दारातला आहे. आजोबांच्या गावचा मोत्या ओट्यावर झोपायचा, सकाळी स्वतःच रानात जाऊन यायचा, उरलेली भाकरी खायचा, आणि आळीतल्या चार घरांचा मिळून एक असायचा. त्याला फिरवून आणण्याचा प्रश्नच नव्हता. दिवसभर त्याच्यासोबत कोणी ना कोणी असे.

आजच्या आई-बाबांच्या मनात हाच मोत्या असतो, आणि तिथेच हिशोब चुकतो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरातला कुत्रा दार स्वतः उघडू शकत नाही. त्याचं खाणं, त्याची शी-शू, त्याचं धावणं, त्याची सोबत, सगळं कुणीतरी उठून करावं लागतं. दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास धरला तरी वर्षाचे 365 तास होतात आणि बारा वर्षांचे 4,380. हे तास मोत्यानं कुणाकडे मागितले नव्हते.

मुलाला काय मिळतं

एवढं असूनही ज्या घरात कुत्रा नीट सांभाळला जातो, तिथल्या मुलाला जे मिळतं ते दुसरीकडे सहज मिळत नाही. बोरिस लेव्हिन्सन नावाच्या अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञाला ते योगायोगानं दिसलं. कुणाशी न बोलणारा एक मुलगा ठरल्या वेळेआधी त्याच्याकडे आला, तेव्हा लेव्हिन्सनचा जिंगल्स हा कुत्रा खोलीत होता. मुलगा कुत्र्याशी खेळू लागला आणि त्या खेळातून डॉक्टरशी बोलण्याची वाट उघडली. प्राण्यांच्या सोबतीनं उपचार करण्याच्या आजच्या पद्धतीची एक महत्त्वाची सुरुवात लेव्हिन्सनच्या कामात आहे. पुढे जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं, की पाळीव कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे टक लावून पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्हं बाळ यांच्या नात्यात काम करतो तोच हा संप्रेरक.

मात्र या लाभांची हमी नसते. लाजरं मूल कुत्रा आणल्यानं बोलकं होईलच, किंवा हट्टी मूल जबाबदार होईलच, असं धरून चालू नये. माझ्या मते खात्रीचा लाभ वेगळाच आहे. समोरच्या जिवालाही "नको" म्हणता येतं, हे मूल कुत्र्याकडून शिकतं. खेळणं कधी नको म्हणत नाही, मोबाइलही म्हणत नाही. कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत जातो, आणि त्याला जाऊ द्यायचं असतं. मोठ्यांनी तेवढं जाऊ देणं शिकवलं, तर पुढे माणसांशी वागताना मुलाला ते जन्मभर पुरतं.

दात दिसले म्हणजे हसू नव्हे

ते शिकवलं नाही तर काय होतं, याचं उत्तर दवाखान्यात मिळतं. लहान मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा अनोळखी नसतो. तो घरातला, शेजारचा किंवा मामाकडचा असतो. मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं, म्हणून जखम अनेकदा चेहऱ्यावर किंवा मानेवर होते. लिंकन विद्यापीठातल्या केर्स्टिन माइंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवले. दात विचकून गुरगुरणारा कुत्रा पाहून बरीच लहान मुलं तो "हसतोय, खूश आहे" असं समजतात, असं त्यांना आढळलं. मुलाचा त्यात दोष नाही. माणसाच्या जगात दात दिसले की हसू असतं.

म्हणून कुत्र्याची भाषा मोठ्यांना आधी यायला हवी. भूक किंवा झोप नसताना कुत्रा ओठ चाटतो, जांभई देतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो, अंग ताठ करतो. यातली प्रत्येक खूण "मला हे नको आहे" असं सांगते. कोणी ऐकलं नाही तर तो गुरगुरतो. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला बऱ्याच घरांत दटावतात, मारतात. हे फार धोक्याचं आहे. गुरगुरणं ही पूर्वसूचना आहे. मार खाऊन कुत्रा सूचना देणं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. तो गुरगुरला की मुलाला शांतपणे बाजूला घ्यावं आणि नेमकं काय घडत होतं ते शोधावं.

घरात तीन नियम भिंतीवर लिहिल्यासारखे पक्के हवेत. कुत्रा खात असताना त्याच्या जवळ जायचं नाही. झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हाक मारून उठवायचं. गळ्यात पडून मिठी मारायची नाही. बहुतेक कुत्र्यांना ती प्रेमाची खूण वाटत नाही, अडकल्यासारखं वाटतं. हे तीन नियम मुलांसाठी झाले. चौथा मोठ्यांसाठी आहे: लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही. दूध उतू जातंय म्हणून दोन मिनिटं आत जायचं असेल, तर दोघांपैकी एकाला सोबत न्यायचं. कुत्रा कितीही गुणी असला तरी हा नियम मोडू नये.

रेबीजबद्दल स्पष्टच बोलावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या आजारानं जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसं दगावतात, आणि रेबीजचा संशय असलेला प्राणी चावलेल्यांत सुमारे 40 टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पण त्याआधी तो टाळता येतो. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चरनं योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा रेबीजची लस टोचवली आणि तो मुलगा वाचला. आजचं करणं साधं आहे. चावा असो वा ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. लगेच दवाखान्यात जायचं, डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या तारखांना लस घ्यायची, आणि जखम खोल किंवा चेहऱ्यावर असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल विचारायचं. घरच्या कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी निर्णय डॉक्टरांनाच करू द्यावा.

या सगळ्याच्या आधी मुलाला एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगावं: "कुत्र्यानं चावलं किंवा ओरबाडलं तर आम्हाला लगेच सांग, आम्ही रागावणार नाही." रागावतील या भीतीनं मुलं जखम लपवतात. म्हणून हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या, दोन्ही घरांत बोललं गेलं पाहिजे.

कोणता कुत्रा, कोणत्या घरी

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. सायबेरियन हस्की बर्फात राहण्यासाठी घडलेला कुत्रा आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो ठेवणं म्हणजे त्याला दिवसभर एसीत कोंडणं. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धापा टाकणंच कठीण जातं, म्हणून मे महिन्यातल्या दुपारी त्यांचा जीव धोक्यात येतो. कारवान किंवा मुधोळ हे आपल्या मातीतले शिकारी कुत्रे देखणे आणि काटक असतात, पण त्यांना धावायला मैदान लागतं. आपल्या गल्लीतला गावठी कुत्रा या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला आहे. आपल्या घरातला भात-पोळीही त्याला चालते. लांडग्यापेक्षा कुत्र्यात पिष्टमय अन्न पचवणारी जनुकं जास्त असतात, हे 2013 मध्ये सिद्ध झालं आहे. तरी त्याला पुरेशी प्रथिनं लागतात. शुद्ध शाकाहारी घरानं पशुवैद्यांशी बोलून त्याच्या आहाराचं आधीच ठरवावं.

लहान मूल असलेल्या घरी पिल्लूच आणावं असं अनेकांना वाटतं. पण पिल्लाचे दात सुईसारखे असतात, ते खेळताखेळता चावतं, आणि पुढे त्याचा स्वभाव कसा होईल ते कळत नाही. मुलांमध्ये राहिलेला, शांत स्वभावाचा दोन-तीन वर्षांचा कुत्रा दत्तक मिळाला, तर पुष्कळदा तोच जास्त योग्य ठरतो. त्याचा स्वभाव समोर दिसत असतो.

पिल्लूच आणायचं असेल तर त्याची आई कुठे राहते, कशी वागते, ते बघावं. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. फार लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू चावा किती हलका घ्यायचा, हे भावंडांकडून शिकलेलंच नसतं. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी 1965 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. या काळात ज्याला लहान मुलं, कुकरची शिट्टी, रिक्षाचा आवाज, छत्री घेतलेली माणसं दिसली, त्याला पुढे त्यांची भीती वाटत नाही. नेमक्या याच दिवसांत त्याचं लसीकरण अपुरं असतं आणि पार्व्हो हा विषाणू पिल्लांना झपाट्यानं मारतो. म्हणून रस्त्यावर खाली न सोडता त्याला कडेवर घेऊन जग दाखवावं. जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, वर्षाच्या लसी आणि महानगरपालिकेचा परवाना ही कामं त्यानंतर दरवर्षी चालूच राहतात.

घरातल्या सगळ्यांना विचारा

आजींचं देवघर, आजोबांचे गुडघे, बाबांची रात्रपाळी, या सगळ्यांचं मत हवं. कामाला येणाऱ्या मावशींचंही हवं. कुत्र्याला घाबरणाऱ्या बाईला रोज धडधडत्या छातीनं भांडी घासायला लावणं अन्यायाचं आहे. मुलाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावं, आणि कुत्रा असलेल्या मित्राच्या घरी मुलासोबत चार-पाच वेळा जाऊन बसावं. केस न गळणारी जात आणली की ॲलर्जी होत नाही, हा समज चुकीचा आहे, कारण ॲलर्जी घडवणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यातही असतात.

स्वयंपाकघरातही बदल होतो. मूल प्रेमानं आपल्या ताटातलं खाली टाकणारच. पण शिऱ्यातले बेदाणे, आमटीतला कांदा-लसूण आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरू शकतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, पण जिन्यात झालेली घाण आपणच उचलायची असते. दिवाळीच्या फटाक्यांत त्याला कुठे ठेवणार? मे महिन्यात गावी जाताना तो कसा येणार? रेल्वेत त्याला वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या पूर्ण कूपेतून किंवा ब्रेकव्हॅनमधल्या पेटीतून नेता येतं. ही उत्तरं पिल्लू येण्याआधी मिळालेली असावीत.

तीस सकाळी

एवढं करूनही मन ठरत नसेल, तर महिनाभर एक प्रयोग करावा. कुत्रा नसताना रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला अर्धा तास घराबाहेर चालून यायचं. पाऊस असो, पाहुणे असोत, ताप नसेल तर सुट्टी नाही. कोण गेलं, ते कॅलेंडरवर लिहायचं. महिन्याअखेरीस कॅलेंडरवर ज्याचं नाव जास्त वेळा आलं असेल, कुत्रा त्या माणसाचा होणार. कुणाचंच नाव पुरेसं आलं नसेल, तर उत्तर मिळालं.

तसं असेल तर मुलीला खरं सांगावं: "आत्ता आपल्याकडे त्याच्यासाठी वेळ नाही." डॉक्टर नको म्हणाले, अशी कारणं रचू नयेत. वेळ नसताना जीव घरी आणायचा नाही, हासुद्धा तिच्यासाठी धडाच आहे. तिला मैत्रिणीच्या कुत्र्याशी मोठ्यांच्या देखत खेळू द्यावं. उन्हाळ्यात गेटपाशी पाण्याचं भांडं भरून ठेवायला सांगावं. गल्लीतल्या कुत्र्यांच्या नसबंदीला आणि लसीकरणाला आई-बाबांनी हातभार लावावा, आणि हे ती बघत असावी. सात-आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा कागद काढून तोच हिशोब मांडावा.

आणि उत्तर "हो" असेल, तर पहिल्या दिवसापासून पट्ट्याला दोन साखळ्या लावाव्यात. एक मोठ्याच्या हातात, तीच खरी धरणारी. दुसरी हलकी दोरी मुलीच्या हातात. तिला वाटतं आपणच त्याला फिरवतोय, आणि हळूहळू ते खरं होत जातं. आधी ती पाण्याचं भांडं भरते, मग ब्रश करते, दहाव्या-अकराव्या वर्षी शांत रस्त्यावर मोठी साखळी काही पावलं धरते. बारा वर्षांनी, परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता म्हातारा कुत्रा दाराशी उभा राहतो, तेव्हा बाबा उठायच्या आत ती उठते आणि त्याला उचलून जिना उतरते. ही सवय तिला उपदेशानं लागलेली नसते. चार वर्षांची असल्यापासून पावसापाण्यात रोज सकाळी साखळी घेऊन निघणारा बाबांचा हात तिनं पाहिलेला असतो.